ओहोटीचा चिखल आणि तुझे हात

प्रिय जागृती,

एकाच घरात राहून नातीला पत्र लिहिणारा म्हातारा तू पहिल्यांदाच बघत असशील. मीही पहिल्यांदाच लिहितोय. आपल्या दिवाळे गावच्या शाळेत चौथीपर्यंत गेलो, त्यानंतरचं माझं लिहिणं म्हणजे बोटीला आतून खडूने मालकाचं नाव आणि तारीख घालणं. तेव्हा अक्षराला हसू नकोस, आणि एखादी गोष्ट दोनदा आली तर समजून घे. तोंडाने सांगायचा प्रयत्न मी या पंधरा दिवसांत चार वेळा केला. दर वेळी तू हात वर करून म्हणालीस, "आबा, तू टेन्शन नको घेऊ ना." एकदा तर मी नुसतं "जागृती" एवढंच म्हटलं होतं, पुढचं अजून तोंडातच होतं.

दोष तुझा नाही. मी आयुष्यभर घाबरतच आलो. लिफ्टमध्ये शिरलो की ती अडकणार, गॅसचं बटण तीनदा बघितलं तरी ते चालूच राहिलंय, आणि विमानतळ सुरू झाल्यापासून उलव्यावरून जाणारं प्रत्येक विमान आपल्याच गच्चीला घासून जाणार, असं मला वाटतं. तुझ्या बापाने, विपुलने, माझं नाव 'हवामान खातं' ठेवलंय. तूही त्यात भर घालतेस. परवा जेवताना म्हणालीस, "आबा, आज वादळाचा किती नंबरचा बावटा लावू?" सगळे हसले. मीही हसलो. हसताना तू चमचा दोन बोटांत धरला होतास, बाकीची बोटं दुमडून घेतली होतीस, आणि ते फक्त मी बघितलं.

म्हणून सरळ लिहितो. तुझे हात बिघडत चाललेत. ते डासांमुळे नाही, नव्या साबणामुळे नाही आणि उन्हामुळेही नाही. ते तुझ्या रेझिनमुळे आहे. तू आता थांबली नाहीस तर ते बरे व्हायचे नाहीत. मी अंदाजाने बोलत नाही. कशावरून बोलतो ते खाली येईल, पण ते लिहायला मला जरा वेळ लागेल.

तू पहिल्यांदा रेझिन आणि हार्डनरच्या त्या दोन बाटल्या घरी आणल्यास तो दिवस मला आठवतो. बाल्कनीला काचा लावून घेतल्यास, टेबल टाकलंस आणि ट्रे करायला बसलीस. मी झाकण उघडून वास घेतला. आमच्या फायबरच्या रेझिनचा वास असा होता की शेडमध्ये काम चाललंय हे खाडीवरच्या माणसाला कळायचं. तुझ्या बाटलीला जवळजवळ वासच नव्हता. मला वाटलं, वास नाही म्हणजे विष नाही. चाळीस वर्षं लाकडी होड्यांना फायबर चढवणारा माणूस मी, मला एवढंच कळलं. उलट आनंद झाला. आपली नात आपल्याच धंद्यात आली असं वाटलं. आम्ही बोटीच्या बुडाला लावायचो ते ही दिवाणखान्यात लावणार! मी शेजारच्या सुगतरावांना बोलावून दाखवलंसुद्धा. तू मला "आबा, लोकांना नको ना आणू" म्हणून डोळे वटारलेस.

तुझा पहिला समुद्र निळा होता. पांढऱ्या रंगाची रेघ ओतायची आणि हीट गनने गरम वारा मारायचा की फेस जाळीसारखा पसरतो, हे बघून मी थक्क झालो. तरी तू खोदून विचारलंस, "छान छान नको म्हणू, खरं सांग." तेव्हा मी म्हटलं होतं, आपली खाडी निळी कधी होती? तू रुसलीस. संध्याकाळपर्यंत बोलली नाहीस. आणि दुसऱ्या दिवशी चहाचा कप माझ्या हातात देऊन विचारलंस, "चिखल कसा करायचा?"

ते दिवस माझे फार चांगले गेले, बाय. आजीनंतर इतके चांगले दिवस मी बघितले नव्हते. बोटीला खड्डा पडला की आम्ही रेझिनमध्ये पावडर कालवून पुट्टी करायचो. तीच तुला दाखवली. भाकरीच्या पिठाएवढं घट्ट नको, श्रीखंडासारखं उभं राहील एवढंच. ते फळीवर थापायचं आणि कंगवा ओढायचा, म्हणजे ओहोटीला पाणी उतरताना चिखलावर ज्या रेघा राहतात त्या उठतात. पहिल्या वेळी घाई केली, रेघा परत मिटल्या. दुसऱ्या वेळी उशीर केला, आणि तुझ्या आईचा कंगवा जो अडकला तो अजून त्या फळीत आहे. मग काडी लावून बघायला शिकलीस. काडी उचलली की तार निघते, ती लांबत राहिली तर थांबायचं, मध्येच तुटली तर कंगवा घ्यायचा. खडे मीठ दाबून बसवायचं आणि दुसऱ्या दिवशी कोमट पाण्याने धुऊन काढायचं, हे तुझं डोकं. मीठ विरघळून गेलं आणि चिखलात खेकड्यांची बिळं झाली. मी दिवाळ्याहून जुनं बारीक विणीचं जाळं आणलं, ते ओल्या थरावर दाबून उचललं की जाळं ओढून नेल्याची खूण राहायची. चुरगळलेला प्लास्टिकचा कागद ठेवून उचलला की कडेला ओल्या दगडाचे कंगोरे यायचे. तू त्याला 'ओहोटी' नाव दिलंस. ज्यांनी कधी चिखलात पाय घातला नाही, ती उलव्याच्या टॉवरमधली माणसं तो चिखल भिंतीवर लावायला लागली. तुझी आई म्हणायची, "आमी जन्मभर पायाचा चिखल धुतला, आणि ही विकतेय."

मग सरोजिनी मॅडमची ऑर्डर आली. त्यांच्या नव्या लग्नाच्या हॉलची अख्खी भिंत, सहा मोठ्या फळ्या जोडून एकच ओहोटी. चार फळ्या झाल्या. आता पाचवीबद्दल लिहायचंय.

मध्ये उठून गॅस बघून आलो. बंद होता.

पाचव्या फळीच्या दिवशी तू रंग आणायला पनवेलला निघालीस. पुट्टी तयार होती, वरचा पातळ थर फक्त ओतायचा होता. जाताना मला बजावलंस, "आबा, दोन भाग रेझिन, एक भाग हार्डनर. मापाने. तुझ्या अंदाजाने नाही." मी हो म्हटलं. आणि तू गेल्यावर बाहेर बघितलं, तर मे महिन्याचं ऊन. आमच्या फायबरच्या कामात उन्हाळ्यात हार्डनर कमी घालायचा, नाहीतर रेझिन डब्यातच घट्ट होतं आणि धूर निघतो. पावसाळ्यात जास्त घालायचा. हे मला कुणी सांगावं लागत नाही, हातालाच माहीत आहे. मला वाटलं, पोरगी पुस्तकी बोलते, हिने मे महिन्यात बोट थोडीच केलीय. मी हार्डनर कमी घातला. विसरून नाही, चुकून नाही. शहाणपणा करून घातला.

तुझ्या रेझिनला ते चालत नाही हे मला नंतर कळलं. आमचा हार्डनर नुसता ढकलणारा, कमी घातला तर काम सावकाश होतं, पण होतं. तुझा हार्डनर रेझिनशी जोडीने बसतो. जोडीदार कमी पडले तर उरलेलं रेझिन तसंच राहतं, जन्मभर. दुसऱ्या दिवशी फळी फणसाच्या चिकासारखी. तिसऱ्या दिवशीही तशीच. तुला वाटलं, बाटली खराब निघाली. तू त्या वाशीच्या दुकानातल्या शौनकला फोन लावलास आणि असली भांडलीस की खालचा वॉचमन वर बघायला लागला. त्याने बिचाऱ्याने नवीन बाटली पाठवली. तू फोन ठेवून मला म्हणालीस, "बघ आबा, लोक कसे फसवतात." मी तेव्हा खुर्चीत बसून चहा पीत होतो. मी म्हटलं, "हल्ली कुणाचा भरवसा नाही." असं म्हटलं मी. हे लिहिताना कान गरम होतायत.

पुढचं त्याहून वाईट आहे. फळी मापाने कापून आणलेली, टाकवत नव्हती. तू दोन दिवस ते चिकट खरवडून काढलंस. हातमोजे चिकटून फाटत होते, वैतागून तू ते फेकलेस आणि उघड्या हातांनी बसलीस. मी समोर होतो. मी अडवलं नाही. उलट कपाटातून थिनरचा डबा काढून आणला आणि म्हणालो, "याने धू, आमी आयुष्यभर यानेच धुतले." तू धुतलेस, दिवसातून पाच-सहा वेळा. तिसऱ्या दिवशी बोटांच्या बेचक्यात लाली आली, आणि मग पापण्याही सुजायला लागल्या.

त्यानंतर प्राचीची हळद. तुझी एवढी जवळची मैत्रीण, पण तू मेंदी काढू दिली नाहीस आणि फोटोत दोन्ही हात ओढणीखाली. तिथे दोन दिवस राहिलीस. परत आलीस तेव्हा बोटं जरा निवळली होती, डोळ्यांची सूज उतरली होती. मी मनात म्हटलं, सुटलो. तू दुपारी दोन तास बाल्कनीत बसून फळी घासलीस, आणि संध्याकाळी पापण्या परत पुरीसारख्या. तुझी आई म्हणाली, "परागकण असतील." मी खोलीत जाऊन बसलो. लांब गेलं की बरं, कामाला बसलं की परत, ही चाल मी आधी बघितलेली होती.

परवा मी सुगतरावांकडे पत्ते खेळायला जातो म्हणून सांगितलं ते खोटं होतं. मी बसने नेरूळला गेलो. तिथे कातडीच्या डॉक्टरीणबाई आहेत. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, पेशंट कोण? मी म्हटलं, नात. ती कुठाय? घरी. ती मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या, म्हणाल्या, "आजोबा, पेशंट न आणता आलेले तुम्ही पहिलेच. बसा." मी सगळं सांगितलं, थिनरसकट. थिनरचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, थिनरने कातडीचं स्वतःचं तेल निघून जातं आणि बाकीचं आत शिरतं. म्हणाल्या, प्रत्येकाला होत नाही, पण ज्याला होतं त्याची कातडी ते विसरत नाही. पुढे थेंबभर लागलं, घासताना भुकटी उडाली, तरी भडकते. मी विचारलं, बरे होतील ना? त्या म्हणाल्या, लवकर लांब ठेवलं तर पुष्कळ वेळा होतात. ताणत गेलात तर मी शब्द देणार नाही. आणि मग लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, "घरात आधी कुणाला असं झालं होतं का?"

मी नाही म्हटलं.

बाहेर येऊन बसस्टॉपवर उभा राहिलो. आपली बस आली, मी चढलो नाही. दुसरी आली, तीही सोडली. मग परत वर गेलो, दार ढकललं आणि म्हटलं, "बाई, हो. झालं होतं. माझ्या बायकोला."

तुझ्या आजीचे, गोजराचे, हात तुला आठवत असतील. तू लहानपणी तिला म्हणायचीस, "आजी, तुझ्या हातावर नकाशा आहे." घरात सगळ्यांना माहीत होतं की गोजराचे हात मासळीच्या पाण्याने आणि बर्फाने फुटले. ती स्वतः तेच सांगायची, "पान्यातलं हात हायेत, फुटनारच." पण पाण्यात हात तिच्या आईचेही होते, आणि माझ्या बहिणीचे, म्हणजे काशीचे, तर आजही आहेत. त्यांचे नाही फुटले. गोजरा सकाळी बाजारात मासळी विकून दुपारी माझ्या शेडमध्ये यायची. माझ्याकडे माणूस नव्हता. वाळलेलं फायबर पॉलिश पेपरने घासायचं काम ती करायची, तोंडाला पदर बांधून. काचेची कूस आणि रेझिनची भुकटी अंगभर. घरी जाताना मी तिच्या हातांवर थिनर ओतायचो. मीच ओतायचो, प्रेमाने.

एका वर्षी रत्नागिरीला मोठं काम मिळालं म्हणून मी सव्वा महिना गेलो. शेड बंद. परत आलो तर तिचे हात साफ. तिने मला दाखवले, लग्नातल्या मुलीसारखे पुढे करून. म्हणाली, "बगा, तुमी गेलाव नि माजं हात बरं झालं. तुमचीच नजर लागते वाटतं." दोघं खूप हसलो. आठ दिवसांनी शेड उघडली आणि दहाव्या दिवशी भेगा. मला त्याच दिवशी कळलं, जागृती. मी चौथी शिकलेला असेन, पण एवढं कळायला शाळा लागत नाही. मला कळलं आणि मी बोललो नाही. बोललो असतो तर ती शेडमध्ये आली नसती आणि मला एकट्याने ओढायला लागलं असतं. मी स्वतःला सांगितलं, आपण उगाच घाबरतोय, आपल्याला सवयच आहे. जगात प्रत्येक गोष्टीला घाबरलो, आणि जिथे घाबरायचं होतं तिथे तेवढा धीट झालो.

ती आणखी सहा वर्षं घासत राहिली. शेवटी कोयत्यावर मासा धरवेना. मिठाचं पाणी लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. दिवाळ्याच्या बाजारातली तिची जागा तिच्या सासूने, म्हणजे माझ्या आईने, तिला स्वतः बसवून दिली होती. ती जागा तिने काशीला दिली आणि घरी बसली. बाजारात ती काय बाई होती तुला सांगतो! गिऱ्हाइकाने सुरमई दाबून बघितली की म्हणायची, "दाबतोस काय, तुजी बायको हाय का ती?" अख्खा बाजार हसायचा. घरी बसल्यावर तिचा आवाज हळूहळू लहान झाला. ती गेली तापाने, सात वर्षांपूर्वी. त्याचा हातांशी संबंध नाही, हे डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं. पण बाजार तिच्या हातून गेला तो माझ्यामुळे, आणि हे तिला न कळताच ती गेली. तुझ्या बापालाही माहीत नाही. रात्री तो महाप्याच्या कामावरून आला की मीच सांगणार आहे. तू मध्ये पडू नकोस. तो काय बोलायचं ते बोलू दे.

काल मी दोन फोनही केले, तुला न विचारता. पहिला शौनकला. त्याला सांगितलं की बाटली चांगली होती, म्हातारा वाईट होता. तो म्हणाला, "काका, मला वाटलंच होतं, पण ताई बोलूच देत नव्हत्या." दुसरा सरोजिनी मॅडमना. म्हटलं, माझ्या नातीचे हात बरे नाहीत, फळ्यांना वेळ लागेल. वाटलं होतं, ओरडतील. त्या म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही रडताय की काय? हॉलचं उद्घाटन पुढे गेलंय, पंधरा दिवस जास्त घ्या. पण चिखल तसाच पाहिजे हं, निळं काही चालणार नाही." तू चिडणार, की ऑर्डर तुझी आणि फोन याने का केला. चीड. ती चीड मी ऐकून घेईन, पण फोन परत घेणार नाही.

आता पुढचं मी ठरवलंय. उरलेल्या दोन फळ्या मी करणार. हातमोजे, तोंडाला फिल्टरचा मास्क, सगळं घालून. डॉक्टरीणबाईंनी मलाही दम दिलाय की चाळीस वर्षं काही झालं नाही म्हणजे पुढे होणार नाही असं नाही. तू काचेच्या दाराच्या आतल्या बाजूला खुर्ची टाकून बसायचं आणि सांगायचं. रंग तुझा, रेघ तुझी, कंगवा कधी घ्यायचा ते तू सांगणार. मापाचा पेला मी काचेला लावून दाखवीन, तू मान हलवलीस तरच ढवळीन. अंदाजाने एक थेंब घालणार नाही. घासायचं काम बाहेर मोकळ्यावर, आणि तू तेव्हा घरात थांबायचं नाही, प्राचीकडे जा, कुठेही जा.

या दोन फळ्यांनंतर रेझिन घरात राहील की नाही, ते डॉक्टरीणबाई सांगतील तसं. पण ओहोटी बंद होणार नाही. तू हळदीला गेली होतीस तेव्हा मी एका लहान फळीवर पीओपीत डिंक कालवून कंगवा ओढून बघितला. रेघा उभ्या राहतात. जाळ्याची खूणही उठते. ती फळी माझ्या पलंगाखाली आहे, हवी तर बघ. तिला रेझिनची चमक नाही, पण उन्हात सुकत आलेल्या चिखलालाही चमक नसतेच. मीठ मात्र त्यात नीट बसत नाही, ते तुझ्या डोक्यावर सोडलंय. ती कला त्या बाटलीत नाही. चिखल बघायचा डोळा तुझा, आणि तो ओढणारे हात तुझे. मला ते हात पाहिजेत. पुढे खुशाल म्हण, म्हाताऱ्याने भरल्या कामात मोडता घातला. चालेल.

तू आणि तुझी आई सकाळी दिवाळ्याला मासळीला गेलात तेव्हापासून मी लिहायला बसलोय, आता साडेनऊ झाले. हे पत्र मी तुझ्या कपाटात ठेवतोय, खालच्या कप्प्यात, जिथे रेझिन आणि हार्डनरच्या बाटल्या असतात. त्या तिथे नाहीत हे तुला दिसलंच असेल. त्या मी घेऊन गेलोय, थिनरच्या डब्यासकट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पुढच्या वेळी नातीला आणा आणि बाटल्याही आणा, त्यांच्यावर काय छापलंय ते मला वाचायचंय. नातीला आणणं मला जमलं नसतं, तू हात वर केला असतास. बाटल्या हात वर करत नाहीत. मी नेरूळला दवाखान्यात बाकावर बसलेलो असेन, पिशवी मांडीवर घेऊन; पत्ता या पत्राच्या मागे लिहिलाय. तुझ्या नावाने अकरावा नंबर लावलाय. बाटल्या पाहिजे असतील तर त्या घ्यायला तुला तिथे यावं लागेल. फोन करून ओरडू नकोस, फोन मी मुद्दाम घरी ठेवलाय, टीव्हीशेजारी. दवाखाना एकला बंद होतो. तोपर्यंत आली नाहीस तर संध्याकाळी पाचला परत उघडतो, तेव्हाही मी तिथेच असेन, आणि उद्याही. येताना बोटांना काही लावू नकोस, झाकू नकोस, ओढणीही नको. जसे आहेत तसे हात घेऊन ये.

तुझाच,
घाबरट, पण आज बाकावरून न उठणारा
आबा